कोळीगीताचा व्हिडिओ: दिवाळे कोळीवाड्यातल्या शूटच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आज मिळाला: एका गाण्याचा व्हिडिओ, आणि तो त्या गाण्याच्या प्रकाराला शोभायला हवा. गाणं आमच्याकडे तयार आहे. गटातली गायिका नवी मुंबईतल्या बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातली. तिने स्वतः लिहिलेलं कोळीगीत डिसेंबरात कोपरखैरण्याच्या एका घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड झालंय. ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड आणि कोरस. ध्रुवपद असं आहे: “पानी भरतीला आला, ये रं घरा.”

पहिल्याच बैठकीत दोन मतं पडली. ऑक्टोपॅड आणि बेस जोरकस आहेत, तेव्हा रॅपसारखं शूट करू, असं एक मत: वाइड लेन्स, कॅमेरा कमरेच्या खाली, गाणारी थेट लेन्समध्ये बघतेय, दर ठोक्याला कट. दुसरं मत हळदीच्या गाण्याचं: रांगेतला नाच, चमकत्या साड्या, मागे सजवलेली होडी. दोन्ही मतं ठेका ऐकून तयार झाली होती. शब्द वाचले तर गाणं वाट बघण्याचं आहे. घरचा माणूस खाडीत गेलाय, पाणी चढलं तरी तो आलेला नाही. दुसऱ्या कडव्यात ती म्हणते की पुलावरून गाड्या जाताना दिसतात, तुझी होडी दिसत नाही.

शूटची तारीख ठरवायच्या आधी गाण्याचा कागद करायचा, एवढंच आज ठरलं.

१० जानेवारी, शुक्रवार

गाणं ओळीओळीने उतरवलं. कोण गातं, कोण उचलतं, वाद्य कुठे एकटं वाजतं, हे तीन रंगांच्या पेनांनी. हा कागद पुढे स्टोरीबोर्डपेक्षा जास्त वापरात राहील असं वाटतं.

कागदावर पहिली गोष्ट ही दिसली की बाई वाट बघतेय, पण एकटी नाही. ती एक ओळ म्हणते आणि बाकीच्या ती ओळ उचलतात. भावगीतात वाट बघणारी खिडकीशी एकटी बसलेली चालते. कोळीगीतात तिच्या शेजारी चारचौघी मासळी निवडत बसलेल्या असतात आणि हातातलं काम न थांबवता तिला साथ देतात. रॅप गाणारा ऐकणाऱ्याशी बोलतो, म्हणून त्याने लेन्समध्ये बघणं बरोबर. ही बाई नाखवाशी, म्हणजे होडीच्या मालकाशी बोलते, आणि नाखवा पाण्यावर आहे. त्यावरून नजरेचा नियम ठरला: गायिका पाण्याकडे बघेल, कोरस गायिकेकडे बघेल, लेन्सकडे कोणीही बघणार नाही. कॅमेरा कोरसमधल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर राहील. बसलेली असेल तर कॅमेराही खाली बसेल.

दुसरी गोष्ट लयीची. ठेका सहा मात्रांचा आहे, तीन-तीनच्या दोन ठोक्यांत. रेकॉर्डिंग क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोके मोजणाऱ्या टिकटिकीशिवाय झालं होतं. मोजलं तर मिनिटाला ९७ ठोक्यांच्या आसपास, आणि शेवटाकडे थोडं पळतं. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करतो. ९७ ला एक ठोका साडेपंधरा फ्रेमच्या जवळ येतो, म्हणजे कट कधीच नेमका बसत नाही. १०० केलं तर सगळं जुळतं: एक ठोका १५ फ्रेम, एक मात्रा ५ फ्रेम, सहा मात्रांचं एक आवर्तन ३० फ्रेम. गाणं ३ मिनिटं ३६ सेकंदांचं झालं तर बरोबर १८० आवर्तनं. कोणता शॉट कोणत्या आवर्तनावर, हे शूटच्या आधीच लिहिता येतं.

गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. संगणकावर ताणून १०० वर आणलेला नमुना ऐकला. ढोलकीच्या थापेचा कडकपणा त्यात जातो.

१४ जानेवारी, मंगळवार

पुन्हा रेकॉर्डिंग. स्टुडिओ ताशी ४०० रुपये, तीन तास लागले. ढोलकीवाल्याचे १,००० वेगळे.

पहिला तास क्लिकशी झगडण्यात गेला. सहाही मात्रांवर टिकटिक लावली की ढोलकी सरळसोट होते, कोळी ठेक्यातली झुलण्याची जागा निघून जाते. शेवटी क्लिक फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवली, मधल्या मात्रा वाजवणाऱ्याच्या हातावर सोडल्या. लगेच गाणं बसलं. गाण्याच्या आधी दोन आवर्तनांची मोजणी मुद्दाम ठेवून घेतली आहे, सेटवर प्लेबॅकसाठी, म्हणजे गाणं वाजवून त्यावर ओठ जुळवताना, ती लागते.

१९ जानेवारी, रविवार

लोकेशन बघायला संध्याकाळी निघालो. आधी नेरूळजवळची सारसोळे जेट्टी. जागा सुंदर आहे, पण दोन्ही बाजूंना कांदळवन. राखीव कांदळवनात उतरायचं तर वन विभागाची परवानगी लागते, आणि आमच्या कोरसला बसायला मोकळी जागा हवी. म्हणून दिवाळे. जेट्टी, मासळी बाजार, होड्या, घरं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. गायिकेचं माहेर तिथेच, त्यामुळे कोण कधी मोकळं असतं हे विचारायला माणसं आहेत.

पाच वाजता जेट्टीशी पाणी चांगलं चढलेलं होतं, ऊन कलतं, होड्या हलत होत्या. तिथेच सगळ्यांचं ठरलं: १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आहे, त्या संध्याकाळी भरलेली खाडी, मावळतीचं ऊन आणि पलीकडून चंद्र. गायिकेच्या आत्याने हे ऐकलं आणि म्हणाली, “पुनवेला सांजचा पानी नसतो गो बाय, निस्ता चिखल.”

मग तिने हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आत येईपर्यंत थोडा उशीर होतो. आज षष्ठी, म्हणून साडेचार-पाचला पाणी होतं. पौर्णिमेला याच वेळी खाडी रिकामी होत असणार.

इथे शूट करणाऱ्या कोणालाही हे माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येते, आणि तिची वेळ भर दुपारची असते. म्हणजे पाणी सर्वात जास्त तेव्हा ऊन डोक्यावर. संध्याकाळच्या मऊ उजेडात भरती हवी असेल तर ती अष्टमीच्या आसपास मिळते, पण ते भांगाचं पाणी, चढतं कमी. काठोकाठ खाडी आणि सोनेरी ऊन एकाच फ्रेममध्ये मागितलं तर चंद्रच ते देत नाही. सूत्र अंदाजासाठी वापरा, तारीख पक्की करताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघा.

घरी येताना ट्रेनमध्ये सगळे गप्प होते. बेत मोडला होता.

२२ जानेवारी, बुधवार

बेत मोडला नाही, सुधारला. तीन रंगांचा कागद पुन्हा काढला. दोन्ही कडव्यांत ती वाट बघते. ध्रुवपदात ती म्हणते की पाणी आलं. मग कडवी ओहोटीची का नकोत? मावळतीला उघडा पडलेला चिखल, कलंडलेल्या होड्या, दूर गेलेलं पाणी: तिच्या माणसाला घरी येता येत नाही याचं कारणच ते आहे. पाणी नाही म्हणून होडी जेट्टीला लागत नाही. शब्दांतली वाट डोळ्यांना दिसेल.

शेवटच्या ध्रुवपदासाठी मात्र खरी भरती हवी. पौर्णिमेनंतरची संकष्टी १६ फेब्रुवारीला, रविवारी आहे. भरती तीनच्या आसपास, साडेचारपर्यंत पाणी टिकतं आणि तोवर ऊन उतरलेलं असतं. त्या दिवशी होडी येईल.

नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीची कल्पना अजून एकाच्या मनात होती. ती काढून टाकली. नारळी पौर्णिमा श्रावणातली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नंतर दर्याला नारळ देऊन लोक पुन्हा निघतात. तो सण त्या थांबलेल्या दोन महिन्यांमुळे मोठा आहे. फेब्रुवारीत कागदी पताका लावून तो उभा केला तर कोळीवाड्यातल्या माणसाला पहिल्या फ्रेमपासून खोटं दिसेल, आणि हे गाणं त्या सणाचं नाहीच.

२५ जानेवारी, शनिवार

कपडे. ठाणे स्टेशनजवळच्या, भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून सहा ‘कोळी ड्रेस’ आणले, २०० रुपये एक. शिवलेले, चमकत्या कापडाचे, वर सोनेरी लेस. कॅमेऱ्यासमोर धरले आणि निर्णय झाला. चमक उन्हात पांढरी फुटते, आणि नऊवारीचं सगळं सौंदर्य त्या कापडाच्या ओढीत आणि गुडघ्यापर्यंतच्या नेसण्यात असतं, ते शिवलेल्या ड्रेसमध्ये येत नाही. परत दिले, भाडं पूर्ण गेलं.

आत्याने पेटीतली सुती लुगडी काढली. चोळी, लुगडं, खांद्यावर फडकी. कोरसच्या बायका म्हणाल्या की आमच्यातल्या वयस्कर रोज असंच नेसतात, पण तरुण सुना गाऊन किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असतात. आमच्यातल्या एकीला वाटलं, सगळ्यांनी लुगडंच नेसावं, प्रकार ओळखू येईल. मला ते पटलं नाही. कोळीगीत आज म्हटलं जातं, आजच्या बायका ते म्हणतात. कोरसमध्ये ज्या जशा असतात तशा बसतील, असं ठरलं. फक्त गायिका आत्याचं जांभळं लुगडं नेसेल, कारण गाण्यातली बाई तिच्या आजीसारखी बोलते.

पुरुषांचा वेशही असाच सोडवला. ज्याची होडी घेणार त्या नाखवाला कमरेला नेसायचा सुरका आणि गोंड्याची टोपी घालायला सांगणार होतो. तो म्हणाला, सुरका वडील नेसायचे, मी हाफपँटवर जातो. हाफपँट राहिली.

१ फेब्रुवारी, शनिवार

नाचाची तालीम वाशीत एका मैत्रिणीच्या गच्चीवर. नाच बसवायला डान्स क्लासमध्ये शिकवणारा मित्र आला होता. चांगला नाचतो, पण त्याची मोजणी आठाची. सहाच्या ठेक्यावर आठाची मोजणी चार आवर्तनांनी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येते, तोवर पाय आणि ढोलकी वेगळ्या गावाला. दोन तास गेले. त्याने स्वतःच सांगितलं की हे असं बसणार नाही.

मग गायिकेने आत्याला फोन लावला. फोनवर ढोलकी लावून आत्या मोजायला लागली, आणि तिच्या मोजणीत आकडे नव्हतेच. पाऊल, झोका. पाऊल, झोका. आवर्तनाला दोन पावलं, तीन मात्रांवर एक. वल्ह्याचा हात दोन आवर्तनांत पुरा होतो, ओढायला एक आणि परत न्यायला एक. म्हणजे एक पूर्ण हालचाल ६० फ्रेमची. हा आकडा तिथेच वहीत लिहिला.

नाच कमी केला. रांगेतला नाच फक्त शेवटच्या ध्रुवपदात, होडी आल्यावर. आधी फक्त बसलेल्या बायकांच्या खांद्यांचा झोका.

५ फेब्रुवारी, बुधवार

परवानग्या. मच्छीमार सोसायटीला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र. पत्रात तारीख, वेळ, माणसं, सामान, आणि बाजाराच्या वेळेत रस्ता अडवणार नाही हे लिहून दिलं. त्या शेवटच्या वाक्याने काम सोपं झालं.

ड्रोन नाही. पलीकडे नवी मुंबई विमानतळाची जागा आहे, परवानगीचा प्रश्न तिथेच येतो. आणि परवानगी मिळाली असती तरी नको होता. कोळीगीत उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी बघतं. वरून खाडी दाखवली की ती पर्यटनाची जाहिरात होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्लेबॅकची चाचणी जेट्टीवर घेतली, आणि घेतली म्हणून वाचलो. दोन स्पीकर आणले होते: गायिकेजवळ तारेने जोडलेला मोठा, कोरसच्या टोकाला छोटा ब्लूटूथचा. ब्लूटूथचा आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने मागे राहतो. मधे बसलेल्या बाईला प्रत्येक थाप दोनदा ऐकू येत होती. कोरस फिसकटला आणि त्यात बायकांचा काहीच दोष नव्हता. ब्लूटूथ बंद, मोठा स्पीकर मध्ये, सगळ्या त्याच्याजवळ.

आवाजाच्या वेगाचा हिशोबही करून ठेवला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. होडी जेट्टीपासून ५० मीटरवर असेल तर तिथे ठेका सेकंदाच्या सातव्या हिश्श्याने उशिरा पोचतो, म्हणजे जवळपास ४ फ्रेम. होडीवरचे खलाशी वल्ही आमच्या स्पीकरवर मारणार, म्हणून ते शॉट एडिटमध्ये ४ फ्रेम आधी सरकवायचे.

स्लो मोशनचीही चाचणी. ५० फ्रेमवर शूट करायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, म्हणजे २५ वर आणल्यावर ओठ जुळतात. ओठ जुळले, पण दुप्पट वेगात गाताना गळ्याच्या शिरा ताणतात आणि ते हळू झालेल्या चित्रात दिसतं. शिवाय खांद्याचा झोका हळू झाला की ठसका मरतो. स्लो मोशन फक्त पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकतानाच्या एका शॉटला ठेवला, बाकी रद्द.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघी पौर्णिमा

ओहोटीचं शूट. चारला जेट्टीवर. पाणी डोळ्यांदेखत मागे जात होतं. साडेपाचपर्यंत होड्या कलंडल्या आणि चिखलावर निवट्या उड्या मारायला लागल्या.

ट्रायपॉडचे पाय चिखलात जाणार हे माहीत होतं, म्हणून प्लायवूडचा तुकडा आणला होता. तो पुरला नाही. फळीसकट ट्रायपॉड हळूहळू एका बाजूला कलत होता, आणि मॉनिटरवर क्षितिज तिरकं होतंय हे चौथ्या ओळीला कळायचं. एका खलाशाने दोन लांब फळ्या आडव्या-उभ्या टाकून दिल्या, त्यावर आमचं प्लायवूड. मग स्थिर राहिला. चिखलात चालायचं असेल तर चपला काढा आणि तिथल्या माणसाच्या पावलांवर पाय ठेवा. दिसायला सगळं सारखंच, पण काही ठिकाणी गुडघाभर जातो.

पहिल्या कडव्याचे शॉट लांब घेतले, चार-चार आवर्तनांचे. गायिका जेट्टीच्या टोकाला, मागे ओला चिखल, त्यावर आकाशाचा रंग. ओला चिखल उजेड परत फेकतो, त्यामुळे चेहऱ्याला खालून हलका प्रकाश मिळाला आणि आणलेला रिफ्लेक्टर पिशवीतच राहिला.

मागे उंच इमारती दिसत होत्या. सुरुवातीला कॅमेरा वळवून त्या टाळत होतो. फ्रेम दर वेळी अडचणीत यायची. मग आत्याचा विचार घेतला. ती म्हणाली, मी इथे उभी राहते तेव्हा मला त्या दिसतात, मग तुम्ही कशाला लपवता? इमारती फ्रेममध्ये घेतल्या. सूर्य गेल्यावर त्यांतले दिवे एकेक लागले, ते पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत आहेत. माझ्या मते व्हिडिओतला सर्वात खरा शॉट तो.

अंधार पडल्यावर जेट्टीच्या दिव्याखाली दोन शॉट. १/६० शटरवर पट्टे सरकत होते, १/५० वर गेले. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा १/५० किंवा १/१००.

एक मित्र सकाळी नेरूळच्या पाणथळीवर जाऊन रोहित पक्ष्यांचे शॉट घेऊन आला होता. अप्रतिम आहेत. ठाणे खाडीत हिवाळ्यात ते येतातच, आणि ओहोटीला चिखलावर चरायला उतरतात. तरी वापरले नाहीत. गुलाबी थवा दिसला की डोळा बाईवरून उठतो.

१६ फेब्रुवारी, रविवार, संकष्टी

भरतीचं शूट. कोरसच्या बायका पहाटे बाजाराला जातात, दुपारी जेवून थोड्या पडतात, तीननंतर मोकळ्या. भरतीही तीनला, त्यामुळे त्यांच्या दिवसाला धक्का लागला नाही. संकष्टी असल्याने अनेकींचा उपास होता, वडापाव कोणी घेईना. साबुदाणा खिचडी शोधायला एकाला बेलापूर गावात पळवला. अर्धा तास गेला. तिथी भरतीसाठी बघितली, तशीच उपासासाठीही बघायला हवी.

कोरसला मासळी निवडायला खरंच दिली: बोय, कोळंबी, थोड्या चिंबोऱ्या. रिकामे हात ठेवून बसवलं होतं तेव्हा प्रत्येक जण लेन्सकडे बघत होती. हातात काम आलं आणि नजर आपोआप मासळीवर आणि गायिकेवर गेली. नियम सांगायची गरजच उरली नाही.

होडीचा शॉट. नाखवा दूर जाऊन यायला निघाला. इंजिनाच्या आवाजात त्याला ठेका ऐकूच येत नव्हता, वल्ही भलत्याच लयीत पडत होती. इंजिन बंद करून भरतीच्या ओढीवर आणि वल्ह्यांवर येणं, हे त्यानेच सुचवलं. पाणी आत येत होतं तोवर होडी सहज येत होती. साडेतीननंतर ओढ उलटी फिरली आणि खलाशी दमायला लागले. वापरलेला शॉट ओढ फिरायच्या जरा आधीचा आहे.

उजेड अजून कडक होता. १/५० शटर आणि लेन्सचं मोठं छिद्र ठेवायचं तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतोच. तो ९०० रुपयांना घेतला होता, सगळ्या खर्चात सर्वात कामाचा. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थर बसतो, दर थोड्या वेळाने ओल्या कापडाने आणि मग कोरड्याने पुसत राहिलो.

नाच शेवटी. ऊन उतरलं, पाणीही उतरायला लागलं. बायका उभ्या राहिल्या, हात तसेच मासळीचे. आम्ही बसवलेली रांग दुसऱ्याच आवर्तनाला मोडली आणि त्यांनी आपली धरली. ती ठेवली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं कडवं, पुलाचं. वाशीच्या खाडीकाठच्या सागर विहारला. कॅमेरा दुसऱ्या गटाकडे होता, म्हणून फोनवर. आत्या सोबत आली होती. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. त्याआधी पलीकडे जायला होडीच होती आणि तिचे आजोबा माणसं पोचवायचे, असं तिने सांगितलं. हे ऐकून गायिकेने पुलाची ओळ वेगळ्याच पद्धतीने गायली. ओठ रेकॉर्डिंगशी जुळतात, चेहरा मात्र नवीन आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

एडिट सुरू, डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर. फोनचे शॉट टाइमलाइनवर टाकले तर सुरुवातीला ओठ जुळतात आणि अर्ध्या मिनिटात सुटतात. फोन फ्रेमचा वेग उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो, आणि तोही ३० च्या आसपास. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कायम २५ करून घेतल्यावर ओठ जुळले. पण ३० चे २५ करताना फ्रेम गळतात, त्यामुळे पुलावरच्या गाड्या ठेचकाळत जातात. गायिकेचे जवळचे शॉट ठेवले, त्यांत पूल धूसर आहे. फक्त पुलाचा शॉट फोनच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये २५ वर पुन्हा घेतला.

३ मार्च, सोमवार

पहिला कट गटाला दाखवला. ठोक्याठोक्याला कापलेला होता, म्हणजे शॉट १५ फ्रेमचे. कोणालाही आवडला नाही, पण कारण सांगता येईना. वहीतला ६० चा आकडा तिथे कामी आला. वल्ह्याचा हात पुरा व्हायला ६० फ्रेम लागतात. त्याआधी कापलं तर हालचाल सुरू होते आणि पुरी होत नाही, सबंध गाणं अर्धवट हातांचं दिसतं. आता नाचाचा एकही शॉट दोन आवर्तनांपेक्षा लहान नाही. गायिकेच्या ओळी चार आवर्तनांच्या, १२० फ्रेम, एका कटशिवाय.

कट कुठे घ्यायचा हेही बदललं. समेवर घेतला की जोर ढोलकीचा दुप्पट होतो आणि माणूस मागे पडतो. आता कोरस उचलतो त्याच्या एक मात्रा आधी, म्हणजे ५ फ्रेम आधी, कोरसचा शॉट येतो. बाई श्वास घेताना दिसते आणि मग आवाज. ओळ ‘उचलली’ जाते ती तिथे.

रंगाचा तयार प्रीसेट लावून बघितला. चिखल निळा झाला आणि जांभळं लुगडं काळं. काढला. उजेड सारखा केला, त्वचेचे रंग सांभाळले, बाकी हात लावला नाही.

८ मार्च, शनिवार

खर्च. स्टुडिओ १,२००, ढोलकी १,०००, वाया गेलेले ड्रेस १,२००, डिझेल ८००, नाखवा आणि खलाशी १,५००, स्पीकरचं भाडं ५००, प्लायवूड आणि टेप ३५०, एनडी फिल्टर ९००, खाणं-चहा १,६५०, होडीला नारळ आणि फुलं १५०. एकूण ९,२५० रुपये. कोरसच्या बायकांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी एकच मागितलं, शेवटी नावं यावीत, आणि ती घरात हाक मारतात तशी. श्रेयनामावली त्यांना वाचून दाखवून पक्की केली.

पुन्हा करायचं झालं तर ड्रेसचे १,२०० वाचवून तेच खलाशांना देईन.

१२ मार्च, बुधवार

प्रकल्प दिला. सरांनी दोनदा बघितला. त्यांना ओहोटीची कडवी पटली. हरकत एकच: होडी येते ती फक्त जेट्टीवरून दिसते. इतका वेळ जिची वाट बघितली ती होडी, तिच्यावरून जेट्टी कशी दिसते हा एक शॉट हवा होता. बरोबर आहे. नाखवाला बायकांचा कोरस पाण्यावरून ऐकू येतो, ते आमच्या व्हिडिओत नाही.

उद्या होळी, परवा धुळवड, तोवर कोळीवाड्यात कोणाला उसंत नाही. पुढची संकष्टी सोमवारी, १७ मार्चला आहे. भरती तीनच्या सुमारास. नाखवाला विचारून ठेवलंय, डिझेलचे आठशे बाजूला काढलेत, आणि या वेळी खिचडी घरूनच नेणार.